विश्लेषण : ‘वायरलेस’ म्हणजे फक्त ब्लूटूथ नव्हे! गेमिंगसाठी कोणता हेडसेट घ्यावा?

बीजीएमआयमध्ये डावीकडून पावलांचा आवाज येतो, तुम्ही वळता आणि तोवर स्क्रीन लाल झालेली असते. अशा वेळी बहुतेक जण नेटला किंवा फोनला दोष देतात. पण पिंग ४० दिसत असतानाही हे वारंवार होत असेल, तर कानातल्या इअरबड्सवर संशय घ्यायला हरकत नाही. दुकानात ‘वायर की वायरलेस’ असा सरळ प्रश्न विचारला जातो. प्रत्यक्षात पर्याय तीन आहेत : वायर, ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल. पैसे वाया जातात ते बहुधा शेवटच्या दोघांमधला फरक न कळल्याने.

ब्लूटूथवर आवाज उशिरा का येतो?

वायरमधून आवाज विद्युत लहरींच्या रूपात जवळपास तत्क्षणी कानापर्यंत जातो. ब्लूटूथमध्ये तसे होत नाही. फोन आधी आवाज दाबून लहान करतो, त्याची छोटी छोटी पाकिटे करतो, ती रेडिओ लहरींवरून पाठवतो आणि हेडसेटमधली चिप ती पुन्हा उलगडते. वाटेत एखादे पाकीट हरवले तर आवाज तुटू नये म्हणून हेडसेट थोडा आवाज आधीच साठवून ठेवतो. यालाच बफर म्हणतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखे हे काम आहे. नळ दिवसाआड आला तरी घरात पाणी तुटत नाही, पण तुम्ही वापरता ते पाणी कालचे असते!

या सगळ्यात एसबीसी या सर्वसाधारण कोडेकवर (आवाज दाबण्याची पद्धत) साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. समजा, २०० मिलिसेकंद धरले. ६० एफपीएसवर गेम चालत असेल तर तेवढ्यात १२ फ्रेम पुढे सरकतात. सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने धावणारा शत्रू एक मीटरभर पुढे आलेला असतो. म्हणजे आवाजानुसार तो दाराबाहेर असतो आणि खरा दाराच्या आत.

मग यूट्यूबवर असे का जाणवत नाही?

हा प्रश्न हमखास येतो. ‘याच इअरबड्सवर सिनेमा पाहतो, ओठ आणि आवाज अगदी जुळतात,’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात. व्हिडिओ ॲपला हेडसेटचा उशीर साधारण माहीत असतो, त्यामुळे ते चित्रही तेवढेच थांबवून दाखवते. दोन्ही उशिरा आले की उशीर कळत नाही. सिनेमात पुढचे दृश्य आधीच ठरलेले असते, म्हणून ही युक्ती जमते. गेममध्ये पुढचे दृश्य तुमच्या अंगठ्यावर ठरते, ते थांबवून ठेवता येत नाही. त्यामुळे इअरबड्सची परीक्षा सिनेमावर घेऊन उपयोग नाही.

महाग ब्लूटूथ हेडफोन घेतला तर?

फरक पडेलच असे नाही. एलडीएसीसारखे कोडेक गाणी अधिक बारकाईने ऐकवण्यासाठी आहेत, उशीर कमी करण्यासाठी नव्हेत. क्वालकॉमचे ॲपटीएक्स लो लेटन्सी उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास आणते, मात्र ते फोन आणि हेडसेट दोन्हींत असावे लागते. आयफोन ब्लूटूथवर एसबीसी आणि एएसी एवढेच वापरतो, तिथे ॲपटीएक्स लिहिलेल्या बॉक्सचा काही फायदा नाही.

स्वस्त इअरबड्सवर हल्ली ‘गेमिंग मोड, ४० एमएस’ असे ठळक छापलेले असते. हा मोड बफर लहान करतो, म्हणजे टाकीच छोटी करतो. उशीर खरोखर घटतो, पण गर्दीच्या जागी आवाज तुटू लागतो. ब्लूटूथ आणि बरेचसे घरगुती वायफाय एकाच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात. हॉस्टेलच्या एका मजल्यावर किती राउटर आणि किती इअरबड्स असतात, हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. राउटरला ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर फोन त्यावर जोडा, थोडा फरक पडतो.

माईक सुरू केला की आवाज का बिघडतो?

टीममध्ये खेळणाऱ्यांसाठी हा मुद्दा उशिराइतकाच महत्त्वाचा आहे आणि जाहिरातीत तो कधीच नसतो. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये गाण्यांसाठीची जोडणी एकेरी असते. हेडसेटचा माईक वापरायचा झाला की जोडणी फोन कॉलच्या पद्धतीवर उतरते. एरवी सेकंदाला ४४ हजारांहून अधिक वेळा मोजला जाणारा आवाज आता १६ हजार, जुन्या हेडसेटमध्ये तर ८ हजार वेळाच मोजला जातो. शिवाय तो मोनो होतो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. पावले डावीकडे की उजवीकडे, हेच कळेनासे होते. एवढ्यासाठी तर हेडसेट घेतलेला असतो!

२०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’मध्ये यावर उपाय आहे, पण तो फोन आणि हेडसेट दोन्हींत हवा. घेण्यापूर्वी दोन्हींची माहिती तपासा.

डोंगलवाला वायरलेस वेगळा कसा?

यात बॉक्ससोबत पेनड्राइव्हसारखा छोटा डोंगल येतो. पट्टा तोच २.४ गिगाहर्ट्झचा, पण डोंगल आणि हेडसेट एकाच कंपनीचे आणि फक्त एकमेकांशी बोलणारे. त्यामुळे उशीर साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत राहतो आणि माईक सुरू असतानाही सहसा स्टिरिओ टिकतो. पीसीवर वायरलेस हवाच असेल तर हाच घ्यावा. प्लेस्टेशन ५ ला तर साधा ब्लूटूथ हेडसेट थेट जोडताच येत नाही.

अडचण फोनवर आहे. टाइप-सी डोंगलने चार्जिंगची जागा अडते, यूएसबी-ए डोंगलला वेगळा ॲडॅप्टर लागतो. किंमतही साधारण तीन-चार हजारांच्या पुढे. आणि बॅटरी कितीही चांगली असली तरी काही वर्षांत तिचा दम कमी होतो, ती बदलून देणारे दुकान शोधणे हे वेगळेच काम.

मग वायरच बरी?

फोनवर स्पर्धात्मक खेळणाऱ्यांसाठी माझे उत्तर ‘हो’ असेच आहे. हजार-दीड हजारांचा वायरचा हेडसेट किंवा माईक असलेले साधे इन-इअर, दुप्पट किमतीच्या ब्लूटूथला या कामात मागे टाकतात. ‘७.१ सराउंड’ला भुलू नका. अशा बहुतेक हेडसेटमध्ये स्पीकर दोनच असतात, बाकीची किमया सॉफ्टवेअरची.

वायरची दुखणी आहेतच. जॅकजवळ ती पिरगळून तुटते, म्हणून काढताना वायर नव्हे, जॅक धरून ओढा. घेताना जॅकवरच्या काळ्या रेघा मोजा : तीन असतील तर फोनवर माईक चालेल, दोन असतील तर फक्त आवाज. पीसीला माईकसाठी वेगळे भोक असेल तर दोन तोंडांचा स्प्लिटर लागेल. फोनला ३.५ मिमीचा जॅकच नसेल तर टाइप-सी ॲडॅप्टर घ्या, पण ‘डीएसी’ लिहिलेला. पन्नास-शंभर रुपयांच्या अनेक ॲडॅप्टरमध्ये ही चिप नसते आणि ते बऱ्याच फोनवर मुके राहतात.

पावले ऐकण्यासाठी आवाज फुल्ल ठेवण्याची सवय मात्र कोणत्याही हेडसेटवर वाईटच. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्यांसाठी सुरक्षित मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे. मुलांसाठी तेवढेच तास, पण ७५ डेसिबल.

घरी आणल्यावर कसे तपासाल?

गेमच्या ट्रेनिंग ग्राउंडवर जा, भिंतीसमोर उभे राहा आणि एकेक गोळी झाडा. बंदुकीच्या तोंडाशी चमकणारा जाळ आणि कानातला धमाका यांत अंतर जाणवले तर तेच सामन्यातही राहणार. मग गेमिंग मोड लावून बघा, टीमचा माईक सुरू करून बघा, शेजारच्या खोलीत वायफाय जोरात चालू असताना बघा. ऑनलाइन घेतला असेल तर परत करण्याची मुदत संपण्याआधी हे सगळे उरका आणि तोवर बॉक्स, बिल आणि आतली प्लास्टिकची पिशवीसुद्धा जपून ठेवा.