नात्याचे नामकरण : आल्डरसन तुरुंगातील स्त्रियांचे परस्परसंबंध आणि दोन ग्रंथ

तुरुंगातील स्त्रियांच्या परस्परप्रेमाविषयीचे लेखन बहुतांशी त्या नात्याबाहेर उभ्या असलेल्या व्यक्तींनी केलेले आहे. मार्गारेट ओटिस यांनी १९१३ मध्ये अमेरिकेतील मुलींच्या सुधारगृहांतील गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलींच्या प्रेमसंबंधांवर एक टिपण प्रसिद्ध केले. या मुली एकमेकींना चोरून चिठ्ठ्या पाठवीत. ओटिस यांनी त्यांतील उत्कटतेची दखल घेतली. शीर्षकात मात्र ‘विकृती’ हाच शब्द योजला. अनुभव एकीचा आणि त्याचे नाव दुसरीने ठरवायचे, हा या लेखनातील मूळ पेच होय. आल्डरसन येथील तुरुंगाविषयीच्या दोन ग्रंथांच्या आधारे तो स्पष्ट करता येतो.

वेस्ट व्हर्जिनियातील आल्डरसन हा अमेरिकेच्या संघराज्य शासनाने खास स्त्रियांसाठी उभारलेला पहिला तुरुंग. तो १९२७ साली सुरू झाला. समाजशास्त्रज्ञ रोझ जियालॉम्बार्डो यांनी तेथे अभ्यास करून १९६६ मध्ये ‘सोसायटी ऑफ विमेन’ हा ग्रंथ सिद्ध केला. बंदी स्त्रियांनी आपली स्वतंत्र नातेव्यवस्था निर्माण केली होती, असे त्यांना आढळले. पतीची भूमिका घेणारी ‘स्टड’, पत्नीची भूमिका घेणारी ‘फेम’, त्यांचे ‘लग्न’, त्यांचा ‘घटस्फोट’ आणि त्यांच्याभोवती आई, मुलगी, बहीण अशा मानलेल्या नात्यांचे कुटुंब, असा तिचा विस्तार होता. विशेष लक्षणीय आहे तो त्यांच्या बोलीतील एक भेद. केवळ तुरुंगात आल्यावर अशा संबंधांकडे वळलेली स्त्री ‘टर्नआउट’ ठरे. बाहेरच्या जगातही स्त्रीचीच निवड करणारी तेवढी ‘लेस्बियन’, आणि तिला इतरजणी आजारी समजत. म्हणजे बाहेरच्या समाजाने मारलेला शिक्का या स्त्रियांनी पुसला नाही. तो आपल्यातल्याच काहीजणींकडे सरकविला.

जियालॉम्बार्डो यांच्या मते ही व्यवस्था म्हणजे बाहेरच्या समाजाने स्त्रीला दिलेल्या भूमिकेचा तुरुंगातील विस्तार होय. कॅलिफोर्नियातील फ्रॉन्टेरा तुरुंगाचा अभ्यास करणाऱ्या वॉर्ड आणि कॅसेबॉम यांनी १९६५ मध्ये भावनिक आधार तुटण्यावर अधिक भर दिला होता. ही दोन्ही स्पष्टीकरणे ‘विकृती’च्या पुढची आहेत, यात शंका नाही. तथापि दोन्हींमध्ये हे नाते कशाची तरी उणीव भरून काढणारे ठरते. एका स्त्रीला दुसरी स्त्रीच हवीशी वाटली, ही शक्यता त्यांच्या मांडणीत गौण राहते.

दुसरा ग्रंथ आत्मकथनपर आहे. कम्युनिस्ट नेत्या एलिझाबेथ गर्ली फ्लिन १९५५ ते १९५७ या काळात राजकीय बंदी म्हणून आल्डरसनमध्ये होत्या. ‘द आल्डरसन स्टोरी’ हे त्यांचे पुस्तक १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. सहबंदिनींच्या दारिद्र्याविषयी व त्यांच्यावरील अन्यायाविषयी सहानुभूतीने लिहिणाऱ्या फ्लिन या संबंधांबाबत मात्र नापसंतीचा सूर लावतात. येथे त्यांचे पूर्वायुष्य ध्यानात घ्यावे लागते. १९२६ नंतरची सुमारे दहा वर्षे त्या पोर्टलंड येथे डॉ. मेरी एक्वी यांच्या घरी राहिल्या होत्या. एक्वी यांची स्त्रियांशी असलेली प्रेमाची नाती सर्वश्रुत होती, आणि युद्धविरोधी भाषणाबद्दल त्यांनीही सॅन क्वेंटिनचा तुरुंगवास भोगला होता. या दोघींचे नाते नेमके कसे होते, याचा निर्णय करण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु अशा नात्यांचा निकटचा परिचय असलेली लेखिका तुरुंगात त्यांच्याकडे परकेपणाने पाहते, एवढे निश्चित. राजकीय बंदी म्हणून आपले वेगळेपण राखण्याची निकड आणि समलिंगी व्यक्तींना शासकीय नोकऱ्यांतून दूर करणारे ते दशक, या दोहोंची छाया या सुरावर पडली असणे संभवते.

येथे नाव देणारे तिघे दिसतात : बंदी स्त्रिया, संशोधक आणि आत्मकथनकार. तिघांच्याही शब्दांत त्यांचे स्थान व्यक्त होते. इतिहासकार एस्टेल फ्रीडमन यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या लेखनात आक्रमक, पुरुषी भूमिका प्रामुख्याने कृष्णवर्णीय स्त्रीवर लादली गेली आणि गोऱ्या स्त्रीचे स्त्रीत्व अबाधित ठेवले गेले. ओटिस यांच्या टिपणाकडे या दृष्टीने पुन्हा पाहणे आवश्यक ठरते.

स्त्रियांच्या आत्मकथनांचा अभ्यास करताना, मग ती मराठीतील का असेनात, हा विचार उपयुक्त ठरावा. ‘मैत्रीण’, ‘बहीण’, ‘मानलेली आई’ हे शब्द आढळताच त्यांचा अर्थ गृहीत धरणे जितके चुकीचे, तितकेच त्यांमागे गुपित दडलेच असेल असे मानणेही चुकीचे. शब्द कोणाचा, तो कोणासमोर उच्चारला गेला आणि त्याने कोणाला संरक्षण दिले, हे आधी पाहावे लागते. ओटिस यांनी पाहिलेल्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या मुलींनी आपल्या भावनेला ‘विकृती’ म्हटले नव्हते, याचे विस्मरण होऊ नये.