डिंक्या ओळखायचा तर बुंध्याशी बसा



रविवारच्या शिवार फेरीत संत्र्याच्या बागेत शिरताच सगळे वर पाहू लागले. पानं पिवळी, शेंडे वाळलेले. कोणी म्हणालं जस्त कमी, कोणी म्हणालं पाणी कमी. बुंध्याशी कोणीच वाकलं नाही. चार बोटं माती बाजूला केली तर कलमाची जोड मातीत गाडलेली अन् सालीवर डिंक!

तुम्हीही आपल्या बागेत असंच पाहा. डिंकाजवळची साल चाकूने खरवडा. आत तपकिरी, कुजलेली निघाली तर डिंक्या समजा. हा फायटोफ्थोरा बुरशीचा रोग. खोडावर जाळी, भुसा अन् विष्ठा दिसली तर ती साल खाणारी अळी, तिचा इलाज वेगळा. डिंक्यात पानं पिवळी पडेपर्यंत बारीक मुळ्या बऱ्याच कुजलेल्या असतात. मग नुसतं झिंक फवारून काय होणार? कुजीचा खोडाला पूर्ण वेढा पडला की झाड गेलंच.

निरोगी साल लागेपर्यंत कुजका भाग काढा, खरवड जाळून टाका. वर बोर्डो मलम लावा: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवून मगच एकत्र करा. लोखंडी विळा बुडवा. तांबूस झाला तर चुना वाढवा. मलम खोडाला ३ फुटांपर्यंत, पावसाळ्याआधी आणि नंतर. दुहेरी आळं करा, पाणी बुंध्याला टेकू देऊ नका.

ग्रुपवर फोटो टाकताना नुसत्या पानांचा नको. माती सारून बुंध्याचाही टाका.