चोवीस तास, तीन ड्रायव्हर, एक गाडी

रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय? फॉर्म्युला वनच्या पलीकडंही एक मोठं जग आहे. तिथं करिअर कसं घडतं, पैसा कुठून येतो आणि उमरखेडहून निघालेल्यानं कुठली वाट धरावी, याचा हा हिशेब.

उमरखेडहून पुण्याला ट्रॅव्हल्सनं गेला असाल तर हे तुम्ही पाहिलं असेल. रात्री एखाद्या ढाब्यावर गाडी थांबते. चहा होतो. तोवर गाडी चालवणारा मागं जाऊन आडवा होतो आणि स्टिअरिंगवर दुसरा ड्रायव्हर येतो. जाताजाता पहिला त्याला दोन-चार गोष्टी सांगतो. ब्रेक जरा खाली लागतोय, पुढं रस्त्याचं काम चालू आहे, बस्स.

आता हीच अदलाबदल काही सेकंदांत करायची आहे असं समजा. बाजूला पेट्रोल भरणं चालू आहे. एकजण गाडीतून बाहेर पडतोय, दुसरा आत शिरतोय. बेल्ट, रेडिओची वायर, पाण्याची नळी, सगळं जागच्या जागी लागलं पाहिजे. आणि मग तीनशेच्या वेगानं अंधारात निघायचं. याला म्हणतात एन्ड्युरन्स रेसिंग.

कॉलेजच्या कट्ट्यावर विचारून बघा, रेसिंग ड्रायव्हर म्हटलं की कोण आठवतं? हॅमिल्टन, व्हर्स्टॅपन. गाडी पुढं सरकत नाही. पण फॉर्म्युला वनमध्ये जागा असतात वीस-बावीस. ज्यांना तिथं जागा मिळत नाही किंवा मिळून जाते, त्यातले कितीतरी चांगले ड्रायव्हर पुढं वर्षानुवर्षं ज्या रेसिंगवर पोट भरतात ती ही. म्हणून करिअर म्हणून विचार करायचा तर आधी हिच्याकडं बघायला हवं.

नेमकं असतं काय?

या खेळाची पंढरी म्हणजे फ्रान्समधलं ल मान्स. १९२३ पासून इथं २४ तासांची शर्यत होते. ट्रॅक १३.६२६ किलोमीटरचा. त्यातला बराच भाग एरवी गावकऱ्यांच्या ये-जा करण्याचा साधा रस्ता असतो. शनिवारी दुपारी चारला सुरुवात, रविवारी दुपारी चारला शेवट. तेवढ्या वेळात जी गाडी सगळ्यात जास्त अंतर कापेल ती जिंकली.

एका गाडीला तीन ड्रायव्हर. कुणालाही सहा तासांच्या कुठल्याही टप्प्यात चार तासांपेक्षा जास्त आणि पूर्ण शर्यतीत १४ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही. म्हणजे एकट्यानं शूर व्हायची सोयच नाही.

आणखी एक गंमत. ट्रॅकवर एकाच वेळी वेगवेगळ्या गटांच्या गाड्या धावतात. सगळ्यात वेगवान हायपरकार. त्याखाली एलएमपी२. आणि एलएमजीटी३ म्हणजे शोरूममध्ये दिसणाऱ्या फेरारी, पोर्श, कॉर्व्हेट यांची रेसिंगसाठी बदललेली रूपं. हायपरकारवाल्याला चोवीस तास या हळू गाड्यांना ओलांडत राहावं लागतं. ऊसाच्या हंगामात रात्री बिनदिव्याच्या ट्रॉल्यांमधून वाट काढणं काय असतं, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायची गरज नाही. तिथला नियम मात्र पक्का आहे. हळू गाडीनं आपली लाइन सोडायची नाही, अचानक काही करायचं नाही. मागून येणाऱ्याला तुमचा अंदाज आला पाहिजे.

आपल्याकडं शंकरपटात निकाल काही सेकंदांत लागतो. एन्ड्युरन्सचं गणित उलटं आहे. इथं एका लॅपमध्ये अर्धा सेकंद वाचवायला जाऊन गाडी ठोकली, तर गॅरेजमध्ये गेलेला अर्धा तास कुणी परत देत नाही. टायर, इंधन, ब्रेक जपून, तरीही वेगानं, आणि तासामागून तास तसंच. याच कौशल्याचे पैसे मिळतात.

हिरो एकटा नसतो

२००९ मध्ये नारायण कार्तिकेयन ल मान्सला ऑडीच्या गाडीत उतरणार होता. शर्यतीच्या आधी पिटची भिंत ओलांडताना तो पडला आणि त्याचा खांदा निखळला. तो शर्यतीत उतरूच शकला नाही. त्याच्या दोन साथीदारांनी दोघांतच गाडी शेवटपर्यंत नेली आणि सातवा क्रमांक मिळवला. क्रिकेटमध्ये बदली क्षेत्ररक्षक फलंदाजीला येत नाही तसंच हे. जो आहे त्यानं ओढायचं.

म्हणून टीम ड्रायव्हर निवडताना फक्त वेग बघत नाही. तिघांना एकच गाडी, एकच सेटिंग वापरायचं असतं. एक उंच, एक बुटका, सीट मात्र एकच. मग ज्यानं त्यानं आपापल्या मापाचा साचा सीटमध्ये टाकायचा. सेटिंग तर कुणाच्याच शंभर टक्के मनासारखं नसतं. त्यात इंजिनिअर तिघांचा डेटा एकावर एक ठेवून बघतो. कुठं ब्रेक दाबला, कुठं अॅक्सिलरेटर सोडला, सगळं उघडं. "गाडीच बरोबर नव्हती" ही सबब इथं चालत नाही.

ज्याला हे जमतं त्याचं करिअर मात्र लांबतं. डेन्मार्कचा टॉम क्रिस्टेन्सन १९९७ मध्ये अगदी ऐनवेळी टीममध्ये आला आणि पहिल्याच फटक्यात ल मान्स जिंकला. नंतर आणखी आठ वेळा जिंकला. शेवटचा विजय २०१३ चा, वय ४५. त्याच शर्यतीच्या सुरुवातीला त्याचा देशबांधव अॅलन सिमन्सन अपघातात गेला होता. क्रिस्टेन्सननं तो विजय त्याला अर्पण केला. या खेळात जीवही जातो. करिअरचा विचार करताना हे डोळ्याआड करून चालणार नाही.

करुण चंडोकचं काय झालं?

भारतातून हे करिअर कसं दिसतं ते समजून घ्यायचं तर चेन्नईच्या करुण चंडोककडं बघा. २०१० मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये गेला, कार्तिकेयननंतरचा दुसरा भारतीय. त्या हंगामातल्या पहिल्या दहा शर्यती मिळाल्या, मग सीट गेली. २०११ मध्ये फक्त एक शर्यत. वय सत्तावीस. आपल्याकडं अशा माणसाला "संपला" म्हणतात.

२०१२ मध्ये तो ल मान्सला जेआरएम टीममधून डेव्हिड ब्रॅबहॅम आणि पीटर डम्ब्रेक यांच्यासोबत उतरला. पहिल्याच प्रयत्नात त्यांची गाडी सगळ्या गटांमध्ये मिळून सहावी आली. नंतरही तो तिथं अनेकदा गेला. मध्ये फॉर्म्युला ईच्या पहिल्या हंगामात महिंद्राकडून धावला. आज तुम्ही त्याला टीव्हीवर फॉर्म्युला वन समजावून सांगताना बघता. म्हणजे एकच मोठी नोकरी नाही, चार-पाच कामं जोडून उभं केलेलं करिअर. व्यावसायिक एन्ड्युरन्स ड्रायव्हरचं आयुष्य बहुतेक असंच असतं. कुठल्या टीमशी वर्षाचा करार, कुठं एका शर्यतीपुरता, मध्येच टेस्टिंग, सिम्युलेटरवरचं काम, दुसऱ्यांना शिकवणं.

२०१७ मध्ये त्याच्या गाडीत फिल हॅन्सन नावाचा १७ वर्षांचा मुलगा होता. आठ वर्षांनी, २०२५ मध्ये, त्याच हॅन्सननं फेरारीतून ल मान्स जिंकली. सोबत होते चीनचा यीफेई ये आणि पोलंडचा रॉबर्ट कुबिका. कुबिकाचा उजवा हात २०११ च्या रॅली अपघातात जबर जायबंदी झाला होता. जिंकला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता.

चंडोकच्या गोष्टीतली दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याचे आजोबा इंदू चंडोक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या संस्थापकांपैकी. वडील विकी चंडोक स्वतः रेसर आणि पुढं देशाच्या मोटर स्पोर्ट्स संघटनेचे अध्यक्ष. घरात गाड्या, ओळखी, माहिती सगळं होतं. हे त्याच्या मेहनतीतून वजा करायचं नाही, पण आपण स्वतःशी तुलना करताना विसरायचंही नाही.

पैसे कोण देतं?

इथं खरा प्रश्न येतो. आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे एफआयए, ड्रायव्हरांची चार गटांत वर्गवारी करते. प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ. वरचे दोन म्हणजे पक्के व्यावसायिक. ब्रॉन्झ म्हणजे बहुतेक हौशी. जागतिक मालिकेत एलएमजीटी३ गाडीत एक तरी ब्रॉन्झ ड्रायव्हर लागतोच.

हा हौशी माणूस बरेचदा उद्योजक असतो आणि गाडीच्या खर्चाचा मोठा वाटा तोच उचलतो. व्यावसायिक ड्रायव्हरला पगार मिळतो तो बऱ्याच वेळा याच्यामुळं. बदल्यात त्यानं याला शिकवायचं, सांभाळून घ्यायचं आणि याच्या वाट्याला गेलेला वेळ भरून काढायचा. हॉलिवूडचा पॅट्रिक डेम्प्सी २०१५ मध्ये असाच आपल्या गटात दुसरा आला. तमिळ स्टार अजित कुमारनं तर स्वतःची टीम काढली. जानेवारी २०२५ मध्ये दुबईच्या २४ तासांच्या शर्यतीत, सरावातल्या अपघातानंतर, तो टीमच्या भल्यासाठी मुख्य गाडीतून स्वतः बाजूला झाला. ती गाडी गटात तिसरी आली.

अडचण कुठं आहे? सिल्व्हर-गोल्डपर्यंत पोचायचा रस्ता लहानपणी कार्टिंगनं सुरू होतो, मग फॉर्म्युला ४ वगैरे. कार्टिंगचा हंगाम लाखांत जातो. युरोपातला फॉर्म्युला ४ चा एक हंगाम कोटींत. तिथं पगार नसतो, तुम्हीच टीमला पैसे देता. त्यामुळं कुणी "आमच्या कोर्सला या, रेसर बनवतो" म्हणत असेल तर आधी हा हिशेब विचारा. बापाचं वावर विकून भरायची ही फी नव्हे.

मग आपण काय करायचं?

स्वप्न बघायचंच नाही असं नाही. उशिरा सुरू करणारेही आहेत. पुण्याची डायना पंडोल शिक्षिका होती, दोन मुलांची आई. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईला तिनं सलून गटाचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. कार रेसिंगमध्ये असं करणारी ती पहिली भारतीय महिला. पुण्याचेच संजय टकले मोटोक्रॉसमधून रॅलीत आले आणि २०२५ च्या जानेवारीत सौदीच्या वाळवंटात डकार क्लासिक पूर्ण करून आले. ब्रिटनचा जान मार्डनबरो तर प्लेस्टेशनवरच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि २०१३ मध्ये ल मान्सला आपल्या गटात तिसरा आला. 'ग्रॅन टुरिस्मो' सिनेमा त्याच्यावरच आहे.

पण आकडेमोड स्वच्छ करू. एका गाडीत ड्रायव्हर तीन. त्या गाडीमागं रेस इंजिनिअर, डेटा बघणारे, टायरवाले, मेकॅनिक, इंधनाचं आणि थांब्यांचं गणित करणारे, फिजिओ, माध्यमांचं बघणारे असा मोठा ताफा. ड्रायव्हरच्या सीटला कोट्यवधी लागतात. या ताफ्यात शिरायला शिक्षण आणि हाताला लागलेलं ग्रीस लागतं. उमरखेडच्या पोरापोरींसाठी ल मान्सच्या पिटलेनमध्ये जायची सगळ्यात जवळची वाट हीच आहे, असं मला वाटतं. कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. पहाटे तीनला टायर कधी बदलायचे हा निर्णय चुकला, तर जगातला सगळ्यात वेगवान ड्रायव्हरही हरतो.

सुरुवात कुठून?

• मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरला असाल तर कॉलेजची बाहा किंवा फॉर्म्युला टीम शोधा. विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवून उतरायच्या या स्पर्धा आहेत. 'बाहा एसएई इंडिया' आणि 'फॉर्म्युला भारत' ही दोन नावं लक्षात ठेवा. कॉलेजात टीम नसेल तर चार जणांनी मिळून प्राचार्यांकडं विषय काढा.

• आयटीआय, डिप्लोमावाल्यांनी मागं राहू नये. चांगला मेकॅनिक प्रत्येक टीमला लागतो. चेन्नई आणि कोइम्बतूर ही आपल्या देशातल्या रेसिंगची मुख्य ठिकाणं.

• राष्ट्रीय शर्यतींत ट्रॅकवर मार्शल म्हणजे झेंडे दाखवणारे, मदतीला धावणारे स्वयंसेवक लागतात. आतून खेळ बघायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

• चालवायचंच असेल तर आधी भाड्याच्या कार्टवर स्वतःला घड्याळ लावा. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. शर्यतीत उतरायला एफएमएससीआय या संघटनेचा परवाना लागतो. कंपन्यांच्या निवड चाचण्यांवर नजर ठेवा.

• सिम्युलेटरवर सराव करत असाल तर एका फास्ट लॅपवर खूश होऊ नका. सलग तासभर चालवा आणि पहिल्या व शेवटच्या लॅपमधला फरक मोजा. एन्ड्युरन्सवाला तोच आकडा बघतो.

• आणि नागपूर-तुळजापूर हायवे गुळगुळीत झालाय म्हणून तिथं रात्री बाइकची रेस लावणाऱ्यांनो, त्या वेगाची नोंद कुठल्याच टीमकडं होत नाही. झाली तर पोलिस ठाण्यात होते, नाहीतर दवाखान्यात.

पुढची ल मान्स जूनमध्ये आहे. परीक्षा संपलेल्या असतील. शनिवारी संध्याकाळी मित्रांना जमवा, एक गाडी निवडा आणि रविवारपर्यंत तिचा हिशेब वहीत मांडा. किती थांबे, कोण किती वेळ चालवतंय, टायर कधी बदलले. रात्री दोन वाजता बाकीचे झोपले आणि तुमची पेन्सिल चालूच असेल, तर या क्षेत्रात तुमच्यासाठी काम आहे असं समजा.