कोर्टाची सुट्टी आणि आपली तारीख

आमच्या खाला घराच्या दाव्यात खालच्या कोर्टात हरल्या. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस. निकालाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस वजा करून शेवटचा दिवस शनिवारी आला. खालांचा मुलगा सरकारी नोकरीत. “अम्मी, शनिवारी सगळं बंदच असतं, सोमवारी भरू,” तो म्हणाला. पण तो महिन्याचा तिसरा शनिवार होता. कोर्ट चालू होते. सोमवारी वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. मग विलंबमाफीचा अर्ज, समोरच्याची हरकत, आणखी खर्च. केवळ दोन दिवसांसाठी!

आपल्यापैकी अनेकांची हीच गफलत होते. २०२० पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. जिल्हा व तालुका न्यायालये मात्र फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. कोर्टाच्या सुट्ट्यांची यादी उच्च न्यायालय ठरवते. रमजान ईद, बकरी ईद, मोहरम, ईद-ए-मिलाद या सरकारी यादीतल्या सुट्ट्या. पण चांद किंवा मिरवणुकीमुळे सरकारने तारीख बदलली, तर कोर्टानेही बदलली असेल असे गृहीत धरू नये. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तर मुळीच विसंबू नये.

कायद्याने एक दिलासा दिला आहे. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ४ नुसार, मुदतीचा शेवटचा दिवस कोर्टाच्या सुट्टीत आला, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा, अपील किंवा अर्ज दाखल करता येतो. पण कोर्ट खरोखर बंद असले तरच. कलम ५ खाली उशीर माफ होऊ शकतो, तोही सबळ कारण असेल तर. आणि मूळ दाव्याला ही सवलत नाही.

अटकेच्या बाबतीत मात्र सुट्टी आड येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणे राज्यघटनेच्या कलम २२ नुसार बंधनकारक आहे. ईद असो वा रविवार, त्यासाठी मॅजिस्ट्रेट ड्यूटीवर असतात. “कोर्ट बंद आहे” हे उत्तर ऐकून घरच्यांनी गप्प बसू नये.

खालांचा उशीर अखेर माफ झाला, अल्हम्दुलिल्लाह. आता त्यांच्या कपाटाच्या दारावर कोर्टाची सुट्टीयादी चिकटवलेली असते. तुमच्या घरात एखादा दावा चालू असेल, तर वकिलांकडून ती यादी आजच मागून घ्या, आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.