चित्रमालिकेची पेटी : मोल कशाचें करावें?

पुस्तक विकत घेतांना आपण कागद, छपाई व बांधणी पाहतों. परंतु आंतलीं पानें गळलेलीं नाहींत ना, हें चाळून पाहिल्यावांचून शहाणा गृहस्थ पैसे मोजीत नाहीं. चित्रमालिकांच्या तबकड्यांचे संच घेतांना मात्र हा साधा विवेक पुष्कळ घरांत सुटलेला दिसतो. पेटी सुबक असली, तबकड्या भरपूर असल्या आणि वर रंगीत चित्र झळकत असलें, म्हणजे सौदा चांगला झाला असें समजण्यांत येतें. आमच्या मतें संचाचें खरें मोल पेटींत नाहीं. कलावंतांनीं काढलेलें मूळ चित्र किती अबाधित राहून आपल्या दिवाणखान्यापर्यंत पोंचतें, ह्यांत तें आहे. हें स्पष्ट करण्याकरितां एकच उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

तें उदाहरण म्हणजे ‘मिराई शोनेन कॉनन’, अर्थात् ‘भविष्यकाळचा मुलगा कॉनन’ ही जपानी मालिका. जपानच्या एन्. एच्. के. ह्या सार्वजनिक प्रसारण-संस्थेच्या दूरचित्रवाणीवर ती ४ एप्रिल १९७८ रोजीं सुरू झाली व त्याच वर्षीं ३१ ऑक्टोबरला २६ व्या भागानें संपली. निर्मिति निप्पॉन ॲनिमेशन ह्या कंपनीची. दूरदर्शनवर हिंदींतून मोगलीची जी मालिका आपल्याकडील एका पिढीनें आवडीनें पाहिली, ती ह्याच कंपनीनें काढलेली. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी ह्यांचें नांव पुढें जगभर गाजलें. ‘स्पिरिटेड अवे’ ह्या त्यांच्या चित्रपटास २००३ सालीं ऑस्कर पारितोषिकहि मिळालें. परंतु एक संपूर्ण मालिका स्वतंत्रपणें दिग्दर्शित करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

कथा अलेक्झांडर की ह्या अमेरिकन लेखकाच्या १९७० सालच्या ‘दि इन्क्रेडिबल टाइड’ ह्या कादंबरीवरून घेतलेली आहे. अणुबाँबहून भयंकर अशा अस्त्रांनीं २००८ सालीं युद्ध होतें, पृथ्वीचा आंस कलतो, भूखंडें समुद्रांत बुडतात. एका लहानशा बेटावर एक आजोबा व त्यांच्याजवळ वाढलेला कॉनन एवढेच उरतात, व जगांत आपण दोघेच आहों असें त्या मुलाला वाटत असतें. एके दिवशीं लाना नांवाची मुलगी लाटांबरोबर किनाऱ्यास लागते. सूर्यशक्तीचें रहस्य जाणणाऱ्या शास्त्रज्ञाची ती नात. जिचें अणुशक्तीचें शेवटचें यंत्र थकत चाललें आहे, त्या इंडस्ट्रिया नगरीच्या सत्ताधाऱ्यांना तें रहस्य हवें असतें. लानाला ते धरून नेतात, आणि कॉनन तिच्या शोधार्थ समुद्रावर निघतो. कथेंतलें २००८ साल सुदैवानें निर्विघ्नपणें मागें पडलें आहे. परंतु शास्त्र कोणाच्या हातीं असावें, हा तिनें विचारलेला प्रश्न मागें पडलेला नाहीं. विशेष हें कीं, शत्रुपक्षाची अधिकारी म्हणून प्रथम येणारी मॉन्स्ली हळूहळू बदलत जाते, व हा बदल एकाएकीं होत नाहीं. लहानपणीं युद्धानें तिचें काय हिरावून नेलें, हें कळल्यावर तो आपल्याला पटतो. मुलांना दुष्टाचा द्वेष शिकविणारीं चित्रें पुष्कळ आहेत. दुष्टाचें मन समजून घेण्यास शिकविणारीं थोडीं.

आतां ह्या कलाकृतीच्या संचाची पारख कशी करावी, तें पाहूं.

पहिली कसोटी चौकटीची. ही मालिका ४ : ३ ह्या जुन्या चौकटींत रेखाटलेली आहे. हल्लींचे पडदे १६ : ९ मापाचे असल्यामुळें तिच्या दोन्ही बाजूंस काळे पट्टे राहतात, आणि पुष्कळांना तें पैसे फुकट गेल्यासारखें वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. पडदा भरून टाकण्यासाठीं असें चित्र वरून व खालून कापलें, तर त्याचा नेमका चौथा हिस्सा नाहींसा होतो. कॉनन उंच भिंतींना व कठड्यांना पायाच्या बोटांनीं धरून लोंबकळतो. लानाला हातांवर घेऊन तो मनोऱ्यावरून उडी टाकतो, तेव्हां तिचा हादरा तळपायांपासून वर चढतांना दिसतो. हे पायच कापले गेले तर राहिलें काय? काळे पट्टे दिसले म्हणजे चित्र पूर्ण आहे, असें समजून स्वस्थ असावें.

दुसरी कसोटी, चित्र कशावरून उतरविलें आहे ही. त्या काळीं पारदर्शक पत्र्यांवर रंगविलेलीं चित्रें एकेक करून फिल्मवर टिपीत असत. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनीं धांवते. दूरचित्रवाणीच्या मालिकेंत बहुधा एक चित्र तीन चौकटी टिकवीत, म्हणजे सेकंदास सुमारें ८ चित्रें. फिल्मवरून पुन्हां नव्यानें उतरविलेलें चित्र आणि जुन्या व्हिडिओ-फितीवरून घेतलेली नक्कल ह्यांत मूळ ग्रंथ व नकलेची नक्कल ह्यांच्याइतकें अंतर असतें. अमेरिकन व जपानी डीव्हीडीवर चित्राच्या उभ्या मापांत ४८० रेषा असतात, तर ब्लू-रेवर १०८०. पण मूळ नक्कलच धूसर असेल, तर रेषांची संख्या वाढवून धूसरपणा तेवढा मोठा होतो. २०२१ सालीं जीकिड्स ह्या कंपनीनें उत्तर अमेरिकेंत ह्या मालिकेचा ब्लू-रे संच काढला, तो ४के दर्जाच्या पुनरुद्धारावरून. त्याचें महत्त्व ह्या दृष्टीनें आहे. फिल्मवर रव्यासारखी जी बारीक थरथर दिसते, ती दोष नव्हे. ती पुसून चित्र गुळगुळीत करण्याचा मोह कांहीं कंपन्यांना आवरत नाहीं; त्या भरांत पेन्सिलीच्या नाजूक रेषाहि पुसल्या जातात.

तिसरी कसोटी भाषेची. वरील संचांत मूळ जपानी संवाद, इंग्रजी उपशीर्षकें व नव्यानें केलेलें इंग्रजी ध्वनिमुद्रण आहे. उपशीर्षकें जपानी संवादांचें भाषांतर असावींत. ओंठांच्या हालचालींशीं जुळविण्यासाठीं बदललेल्या इंग्रजी संवादांची ती नुसती उतरण असेल, तर वाचणारा फसतो. आमची सूचना अशी कीं, ज्याला इंग्रजी येतें त्यानें पहिले कांहीं भाग लहानांना व आजीबाईंना मराठींत सांगत जावें. पोथी वाचून अर्थ सांगण्याची रीत आपल्या घरांत नवी नाहीं.

चौथी कसोटी अगदीं व्यवहाराची, आणि हिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास बाकीच्या तिन्ही व्यर्थ. तबकड्यांना विभागांचें बंधन असूं शकतें. ब्लू-रेच्या बाबतींत अमेरिका व जपान ए विभागांत, युरोप बी विभागांत आणि आपला देश सी विभागांत येतो. डीव्हीडीच्या बाबतींत आपला विभाग ५ वा. परदेशांतील आप्तांकडून हौसेनें मागविलेला संच येथील यंत्रावर मुळींच न चालण्याचा संभव असतो. म्हणून आधीं यंत्र पाहावें, मग पेटी मागवावी.

स्वस्ताच्या मोहानें संक्षेप घेऊं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. ह्या मालिकेचा १९७९ सालीं कापून जोडलेला एक चित्रपट निघाला होता. बारा तासांहून अधिक लांबीची कथा सुमारें दोन तासांत कोंबल्यावर मॉन्स्लीचा पालट पटण्यास अवकाश कोठून राहणार?

किंमतीविषयीं म्हणाल, तर असे संच महाग वाटतात खरे. परंतु ८ माणसांच्या कुटुंबानें २६ भाग एकदां जरी पाहिले, तरी दर माणशीं दर भागाचा हिशेब करतांना किंमतीला २०८ नीं भागावें लागतें. आणि चांगलें चित्र कोणी एकदांच पाहत नाहीं. वर्गणी भरून पाहावयाच्या मालिका करार संपतांच नाहींशा होतात. कपाटांतील तबकडी आपल्या अनुज्ञेवांचून कोठें जात नाहीं. शिवाय मुलांचें दहा-बारा वर्षांचें वय पुन्हां येत नसतें. त्या वयांत डोळ्यांपुढें जें ठेवावयाचें, तें अर्धें कापलेलें वा पुसलेलें असूं नये, एवढी काळजी घेणें घरांतील वडीलधाऱ्यांच्या हातीं आहे. पेटीच्या सोनेरी अक्षरांकडे पाहण्यापूर्वीं ह्या चार कसोट्या लावाव्या, एवढीच वाचकांस आमची विनंति आहे.