हुशार पोराला लगेच मोठं गिऱ्हाईक द्यायचं का?

नवा पोरगा हुशार आहे. त्याला लगेच मोठ्या गिऱ्हाइकासमोर उभं करायचं, की आधी छोट्या कामात तयार करायचं? वालीवचा गाळा असो की विरार स्टेशनबाहेरचं दुकान, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो.

उत्तर क्रिकेटमध्ये बघा. आपल्या विरारचा पृथ्वी शॉ २०१८ मध्ये, १८व्या वर्षी कसोटी खेळला आणि पहिल्याच डावात १३४ धावा काढल्या. थेट वर गेला असं वाटतं ना? पण त्याआधी हॅरिस शील्डमध्ये ५४६, रणजी पदार्पणात शतक, १९ वर्षांखालील संघाचं कर्णधारपद. प्रत्येक पायरीवर तो स्वतः खेळला होता.

आता दुसरी बाजू. अर्जुन तेंडुलकर २०२१ आणि २०२२ मध्ये मुंबई इंडियन्सच्या संघात होता, पण सामना एकही मिळाला नाही. रणजीसाठी तो मुंबई सोडून गोव्याकडे गेला. डिसेंबर २०२२ मध्ये पदार्पणातच १२० धावा! पुढच्या एप्रिलमध्ये मुंबई इंडियन्सनेही त्याला मैदानात उतरवलं.

म्हणजे जागा मोठी की छोटी, हे नंतर. आठवड्यात पोरगा स्वतः किती सौदे करतो आणि चुकला तर कोण समजावतं, हे आधी बघा. नुसता मागे उभा राहिला तर कंटाळून शेजारच्याकडे जाईल.

उद्यापासून एक छोटं गिऱ्हाईक पूर्ण त्याच्याकडे द्या, भाव सांगण्यापासून वसुलीपर्यंत. तीन महिने जमलं तर मोठं द्या. तिथे अडखळला तर परत छोट्यावर आणा. पण ही शिक्षा नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा.