मुलुंड की मुळुंद? नावाचा पुरावा शेजारच्या गावात

मुंबईची वेस जेथे संपते त्या मुलुंडच्या नावाविषयी दोन व्युत्पत्ती हमखास सांगितल्या जातात. एकीनुसार ते ‘मुचलिंद’ या शब्दापासून आले, तर दुसरीनुसार ‘मूलकुंद’पासून. मुचलिंद हा बौद्ध परंपरेतील नागराज असल्याने पहिली व्युत्पत्ती अधिक लोकप्रिय आहे.

ध्वनिशास्त्राच्या कसोटीवर मात्र दोन्हींची थोडी अडचण होते. दोन स्वरांमधील ‘च’ प्राकृतात गळतो, म्हणूनच ‘सूची’ची सुई झाली. ‘क’ही गळतो, कुंभकाराचा कुंभार झाला तो त्यामुळेच. येथवर दोन्ही पक्षांची बाजू भक्कम आहे. परंतु स्वरांमधील ‘ल’ मराठीत बहुधा ‘ळ’ होतो (मूल-मूळ, फल-फळ). त्या नियमाने ‘मुळुंद’ व्हायला हवे होते. प्रत्यक्षात फलकावर ‘मुलुंड’ आहे. रोमन लिपी यात मदत करीत नाही, कारण तिचे ‘एल’ ल-ळ यांतील आणि ‘डी’ द-ड यांतील भेद दाखवत नाही. दादर आणि मुलुंड, दोघांनाही अक्षर एकच! केवळ कानाला पटते म्हणून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. त्यासाठी जुने लेखन हाती लागते.

ते कसे असते, हे मुलुंडच्या शेजारीच पाहायला मिळते. भांडुप येथे सापडलेला शिलाहार राजा छित्तराज याचा ताम्रपट शके ९४८ म्हणजे इ.स. १०२६चा आहे. जर्मन पंडित ब्यूलर यांनी १८७६ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका ब्राह्मणाला दिलेल्या शेताची ही सनद. शेत कोणत्या गावचे हे सांगताना त्यात ‘नौर’ हे नाव येते. हे गाव श्रीस्थानकाच्या अंतर्गत षट्षष्टी विषयात असल्याचेही नमूद आहे. नौर म्हणजे आजचे नाहूर. ताम्रपटात नसलेला ‘ह’ मागाहून आला.

त्याच ओळीतील उरलेली दोन नावेही ओळखीचीच आहेत. षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावांचा प्रदेश, मराठीत ‘साष्टी’ झाला आणि युरोपीयांच्या तोंडी ‘साल्सेट’. श्रीस्थानकाचे ठाणे झाले. अरब प्रवासी व मार्को पोलो यांनी ते ‘ताना’ असे ऐकले. १८५३ मध्ये पहिली आगगाडी तेथे पोहोचली तेव्हा इंग्रजीत टी-ए-एन-एन-ए-एच असे स्पेलिंग रूढ होते. १८८२च्या जिल्हा गॅझेटियरात टी-एच-ए-एन-ए आले आणि अखेरचा ‘ए’ बदलून ‘ई’ व्हायला विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले.

यातून गेला तो उच्चार नव्हे, तर इंग्रजांच्या कानांनी टिपलेली त्याची नक्कल. मराठी माणूस सारा काळ ‘ठाणे’च म्हणत होता. नाहूरचेही तसेच. तेथे रेल्वे स्थानक आले २००६ मध्ये. गावाचे नाव त्याआधी ९८० वर्षे तांब्यावर कोरलेले होते.